उकड, वाफ आणि अख्खा मासा

ह्युएन त्सांगच्या प्रवासवृत्तात, भारताचे सर्वसाधारण वर्णन करणाऱ्या दुसऱ्या खंडात, आपल्या स्वयंपाकघराविषयी दोन-तीन वाक्ये येतात. इतिहासाचे अभ्यासक ती वाक्ये बहुधा ओलांडून पुढे जातात, कारण त्यांना अकराव्या खंडातला महाराष्ट्र गाठायचा असतो. तिथे पुलकेशी आहे, त्याचे मद्य पाजलेले हत्ती आहेत, उपकाराची आठवण ठेवणारी आणि अपमानाचा सूड घेणारी माणसे आहेत. पाठ्यपुस्तकांना हे सारे फार उपयोगी पडते. दुसऱ्या खंडातली ती वाक्ये मात्र भांड्यांबद्दल आहेत. ह्या लोकांकडे हंडे आणि कढया आहेत, पण वाफेवर शिजवायचे भांडे त्यांना ठाऊक नाही; भांडी बहुतेक मातीची, तांब्याची थोडी; जेवताना सगळ्या चवी एकाच पात्रात कालवतात आणि बोटांनी खातात, चमचे आणि काड्या वापरत नाहीत. असा त्या नोंदीचा आशय आहे. त्याच भागात हेही येते की मासे, मेंढी आणि हरिण यांचे मांस इथे अधूनमधून पानात असते.

इ. स. ६४६ मध्ये पुरे झालेल्या ह्या ग्रंथातले ते वाक्य मला पहिल्यांदा खटकले ते एका अगदी घरगुती प्रसंगी. कोल्हारला, आमच्या घरी, मी एक अख्खा मासा चिनी पद्धतीने वाफवायला निघालो होतो आणि त्यासाठी फळीवरचे मोदकपात्र काढायला हात वर केला होता.

"त्याला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "वशाटाला दुसरं भांडं बघ."

आई माळकरी आहे. प्रवरेच्या काठाने असेच खाली गेले की नेवासे लागते, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ह्या टापूत घराघरांतून एखादी तरी तुळशीची माळ असतेच. आणि त्याच घरांतून मागच्या परसात तीन दगडांची एक चूलही असते. तिच्यावर पुरुषमंडळी वेगळ्या, काळ्याठिक्कर पडलेल्या पातेल्यात वशाट शिजवतात. माळ आणि ही चूल ह्यांच्यात पंधरा-वीस पावलांचे अंतर असते. त्या अंतरावर आमच्या भागातला सारा सामाजिक समझोता उभा आहे. मराठी पाकपुस्तकांना परसातली ही चूल फारशी दिसलेली नाही. मासळीविषयी मराठीत जे काही चांगले लिहिले गेले ते बव्हंशी दर्याकाठचे, सारस्वतांचे, पाठारे प्रभूंचे, कोळ्यांचे, मालवण-गोव्याचे. देशावरच्या नदीतला मासा, तो धरणारा भोई, आणि तो परसात शिजवणारा गडी माणूस, ह्यांना आमच्या वाङ्मयात पाककृतीचा मान मिळालेला नाही. असो.

तर ह्युएन त्सांगचे म्हणणे खरे मानायचे का? त्याच्या नोंदीला 'भारतात वाफेवरचा स्वयंपाक नव्हता' ह्याचा पुरावा म्हणून पुष्कळदा पुढे केले जाते. इडलीच्या उगमाच्या वादात तर ते वाक्य हमखास साक्षीला येते. इडली इंडोनेशियातून आली असावी हे के. टी. अचयांचे अनुमान प्रसिद्ध आहे आणि त्याला ह्याच वाक्याचा एक टेकू आहे. 'मानसोल्लासा'त, म्हणजे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या सुमारे ११३० सालच्या ग्रंथात, जी 'इड्डरिका' येते तीही तळलेली आहे, वाफवलेली नाही. इथवर सगळे जुळते.

पण त्या नोंदीत चिनी शब्द आहे तो 'त्झंग' ह्या एका विशिष्ट भांड्याचा. बुडाला भोके असलेले, उकळत्या पाण्याच्या हंड्यावर बसवायचे मातीचे किंवा काशाचे पात्र. चीनमध्ये हे भांडे फार जुने आहे. यांगत्से नदीच्या मुखाकडच्या हेमुडू येथील सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीतही ते सापडले आहे. ज्या माणसाने जन्मापासून धान्य अशाच भांड्यात शिजताना पाहिले, त्याला परमुलखात ते न दिसणे ही नोंद करण्याजोगी गोष्ट वाटली, ह्यात नवल नाही. परंतु 'भांडे नाही' ह्यावरून 'क्रिया नाही' असा निष्कर्ष काढणे ही उडी झाली. शिवाय तो बराच काळ राहिला नालंदेस, तेही विहारात. दुसऱ्या खंडातले त्याचे सर्वसाधारण विधान गोदा-प्रवरेच्या खोऱ्यातल्या चुलीपाशी बसून केलेले असण्याचा संभव कमीच.

आमच्या घरात त्या दिवशी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. मोदकपात्राला हात लावू न देणाऱ्या आईनेच थोड्या वेळाने परसातून जुने पातेले आणि एक पिचकी चाळणी आणून समोर ठेवली. "नागपंचमीची दिंडं कशावर होतात? मोदकपात्र तर आत्ता आलं." तिचे म्हणणे बरोबर होते. नागपंचमीला देशावर चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. मग पुरण भरून पुडीसारखी घडी घातलेली दिंडे चाळणीत मांडायची आणि चाळणी पातेल्यावर. चाळणी येण्यापूर्वी पातेल्याच्या तोंडाला फडके बांधत. आषाढी अमावस्येचे कणकेचे दिवेही असेच. खानदेशातले डाळीचे फुणके, आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, अळूची वडी ही सगळी मंडळी वाफेवर बसून येतात. ह्यांतले प्रत्येक व्यंजन सातव्या शतकात होते असे अर्थातच मी म्हणत नाही. म्हणायचे एवढेच की ह्या क्रियेला स्वतंत्र भांड्याची गरज नसते, आणि जी गोष्ट भांडे म्हणून वेगळी उभी राहत नाही ती प्रवाशाच्या नजरेतून निसटते. पुरातत्त्वाच्या नजरेतूनही निसटते. फडके जमिनीत टिकत नाही.

भाषेनेही ह्या निसटण्याला हातभार लावला आहे. आपण बटाटे 'उकडतो', अंडी 'उकडतो', मोदकही 'उकडीचे', आणि वैशाखात आपल्यालाही 'उकडते'. पाण्यात बुडवून शिजवणे आणि पाण्यावर धरून शिजवणे ह्या दोन क्रिया चिनी स्वयंपाकात वेगळ्या भांड्यांच्या, वेगळ्या क्रियापदांच्या आहेत. मराठीत त्या एकाच क्रियापदाखाली सुखाने नांदतात. 'वाफवणे' आहे, त्याच्या पोटातला 'बाष्प' हा जुना संस्कृत शब्दही आहे, पण रोजच्या बोलण्यात वाफवणे म्हणजे झाकण ठेवून भाजीला वाफ आणणे. जिथे क्रियापद वेगळे नाही तिथे कौशल्य वेगळे मोजले जात नाही. भाषेच्या विद्यार्थ्याने ह्यावर एखादा निबंध लिहायला हरकत नाही.

आता माशाकडे वळू.

अख्खा मासा वाफवण्याचे जे चिनी शास्त्र आहे त्याचा सर्वांत चांगला भाष्यकार, निदान माझ्या वाचनातला, एक नाटककार आहे. ली यू, सतराव्या शतकातला. १६७१ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथाचे शीर्षक मराठीत 'निवांत मनाच्या सहज नोंदी' असे काहीसे करता येईल. त्या ग्रंथाचा मोठा भाग नाट्यरचना आणि प्रयोग ह्यांविषयी आहे. चिनी नाट्यशास्त्राचे विद्यार्थी तो त्यासाठीच वाचतात. पण त्यातच घरबांधणी, फुलझाडे आणि खाणे ह्यांवरही प्रकरणे आहेत. खाण्यात त्याने भाजीपाल्याला पहिला मान दिला आहे, धान्याला दुसरा आणि मांसाला शेवटचा, ही गोष्ट आमच्या माळकरी वाचकांच्या कानावर घालावीशी वाटते. माशाविषयी तो सांगतो की ताजेपणा हेच त्याचे सर्वस्व. पाहुणे आल्यावरच मासा चुलीवर चढवावा, कारण पाहुण्यांनी माशाची वाट पाहिली तर चालते, माशाने पाहुण्यांची पाहिलेली चालत नाही. आणि सर्व रीतींत वाफ श्रेष्ठ. थाळीत मासा, त्यावर जुनी दारू आणि सोयाचा रस, वर आले, कोंब, अळंबी, आणि खाली जोराचा जाळ.

शंभराहून अधिक वर्षांनी, १७९२ मध्ये, नानजिंगचा कवी युआन मेई ह्याने आपल्या बागेच्या नावाने एक खाद्यग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नदीतल्या माशांना, खवल्यांच्या आणि बिनखवल्यांच्या जलचरांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. आपल्या पाल्याच्या कुळातला एक मासा यांगत्सेत चढत असे. त्याच्याबद्दल युआन मेई बजावतो की त्याचे बारीक तुकडे करून कोंबडीच्या रश्श्यात शिजवू नका, खरी चव नाहीशी होते. ह्या एका सूचनेत दोन स्वयंपाकपरंपरांमधली भिंत दिसते. कारण 'मानसोल्लासा'त नेमके उलटे आहे. तिथे मासा कापायचा, धुऊन त्याचा वास घालवायचा, चिंचेच्या पाण्याचा हात लावायचा, तेलात तळायचा. सोमेश्वराला मासे कळत नव्हते असे नव्हे. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून गळाने मासे धरण्याचे आणि त्यांना चारा घालण्याचे जे प्रकरण आहे ते एखाद्या मुरलेल्या मासेमाराने सांगितल्यासारखे आहे. (मराठी पद्ये ज्यात सापडतात तो हाच ग्रंथ, हे मराठीच्या प्राध्यापकांना सांगायला नको.) पण पाण्याबाहेर आल्यावर त्या माशाचे काय करायचे ह्याबद्दल राजाचा ओढा वेगळा होता. तिकडे माशाची चव राखायची, तर इकडे माशावर चव चढवायची.

हा भेद फार ताणू नये हेही खरे. चीनमध्येही सेचवानकडे मासा तिखटात बुडतो. आणि आपल्याकडे मुंबईच्या पारशांनी केळीच्या पानात मासा गुंडाळून वाफवला आहेच. पण पात्रानी मच्छीतही हिरव्या चटणीचा जाड थर असतो. पान उघडले की आधी दरवळते ती कोथिंबीर-मिरची.

आणि मुख्य अडचण माशाचीच आहे. कँटनचा स्वयंपाकी समुद्रातला किंवा हौदातला जिवंत मासा उचलतो. आमच्याकडे बाजारात काय मिळते? धरणातले रोहू, कटला, मृगळ, थोडी मरळ, वांब, ढीगभर चिलापी, आणि सायप्रिनस. हे शेवटचे नाव ऐकून नगर जिल्ह्याबाहेरचे वाचक बिचकतील. शास्त्रीय लॅटिन नाव आमच्या मासळीबाजारात देशी शब्द होऊन बसले आहे. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प. त्याची एक जात १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आली आणि दुसरी, चिनी वंशाची, १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, आणखी दोन चिनी मासे आले, जपानमधून सिल्व्हर कार्प आणि हाँगकाँगहून ग्रास कार्प. मत्स्यशेतीच्या मराठी पुस्तिकांत त्यांना चंदेरा आणि गवत्या अशी सुरेख नावे मिळाली. रोहू-कटल्याबरोबर ह्या तिघांना एकाच तळ्यात वाढवायचे, प्रत्येकाने पाण्याच्या वेगळ्या थरातले खायचे, ही मिश्र मत्स्यशेतीची कल्पनाही मूळ चिनीच. तिथे तांग राजवटीपासून तिचा इतिहास सांगतात. तांग राजघराण्याचे आडनाव 'ली', आणि कार्प माशाचे नावही 'ली'. तेव्हा राजाच्या नावाचा मासा मारायला बंदी झाली, आणि लोक गवत्या-चंदेऱ्यासारख्या इतर माशांकडे वळले, अशी ती कथा. बंदी ऐतिहासिक आहे. पुढचा कार्यकारणभाव थोडा जास्तच गुळगुळीत वाटतो.

म्हणजे चिनी पाककृती कोल्हारला पोचण्याच्या कितीतरी आधी चिनी मासा आमच्या पाण्यात पोचला होता. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पाट आले, पाटाबरोबर ऊस आला, १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना आला; नदीचे वाहते पाणी साठ्याचे झाले आणि साठ्याच्या पाण्यात वाढणारा मासा राज्य करू लागला. वाहत्या पाण्यातल्या खवल्याच्या गोष्टी आता म्हाताऱ्या भोयांकडेच ऐकायला मिळतात. आणि हे सारे घडत असताना, १९६२ च्या युद्धानंतर, ह्या देशातले सुमारे तीन हजार चिनी वंशाचे नागरिक राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले होते. माझगावचे चिनी मंदिर, १९१९ सालचे, आजही उभे आहे. भोवतालची वस्ती मात्र विरळ झाली. गवत्या आणि चंदेऱ्याला मात्र कोणी मूळ गाव विचारले नाही, त्यांचे बीज सरकारी केंद्रांतून वाटले जात राहिले.

चिनी खाणे म्हणून आमच्याकडे आले ते निराळेच. कलकत्त्याच्या चिनी कुटुंबात जन्मलेल्या नेल्सन वांगने १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया आणि कॉर्नफ्लोअर घालून जे 'मंचुरियन' केले, त्याचीच नातवंडे आज नगर-मनमाड रस्त्यावरच्या लाल गाड्यांवर भेटतात. त्यांना नावे ठेवायचे मला कारण नाही. वाटणाच्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेला समजेल असे भाषांतर वांगने केले, आणि त्या गाड्यांमुळेच कोल्हारच्या दुकानात आज सोया सॉसची बाटली मिळते. मूळ संहितेकडे जाणाऱ्या वाचकाला रूपांतराचे असे ऋण असतेच.

पण झाकलेल्या चवीविरुद्धची तक्रार ह्या जिल्ह्याला सर्वस्वी अपरिचित नाही. ऑगस्ट १९४२ पासून मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, कोल्हारपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथे लिहिलेली पत्रे 'गुबार-ए-खातिर' म्हणून १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांत चिनी चहावरचे एक पत्र उर्दू गद्यात अजरामर आहे. पहाटे सगळे झोपलेले असताना मौलाना स्वतः चमेलीच्या गंधाचा चिनी चहा करीत, आणि त्यात दूध ओतणाऱ्या जगाला चहा कळलाच नाही असे त्यांचे ठाम मत होते. दुधाने चहा मरतो, आणि लोक त्या मेलेल्या वस्तूला चहा म्हणतात. युआन मेईची माशाबद्दलची तक्रार ह्याच जातीची आहे. त्याच किल्ल्यात नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. त्यात भारत आणि चीन ह्यांच्या जुन्या संबंधांवर पाने आहेत, ह्युएन त्सांगही आहे. त्याने नोंदवलेल्या भांड्यांपेक्षा आझादांचा पेला मला त्या संबंधांचा अधिक चांगला पुरावा वाटतो.

प्रत्यक्ष कृती फार थोडी आहे, आणि सगळी धरबंदाची आहे. सायप्रिनस पाऊण किलोचा घेतला. खवले, कल्ले, आतडी काढली, कण्यालगतचे काळसर रक्त आणि पोटातले काळे अस्तर बोटाने घासून काढले. नदीच्या माशाचा उग्र वास बराचसा तिथे असतो. साठ्याच्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो तो शेवाळातल्या आणि सूक्ष्मजीवांतल्या एका द्रव्याचा, पहिल्या पावसाच्या मृद्गंधाशी त्याचे सख्खे नाते आहे. आंबटाने तो मोडतो. चिनी माणूस तिथे दारू वापरतो, मी लिंबाचे पाणी वापरून धुतला. 'मानसोल्लासा'तली चिंच त्या क्षणी मला राजविलास न वाटता शुद्ध व्यवहारज्ञान वाटली. गोड्या पाण्यातल्या माशाशी त्या स्वयंपाक्यांचा रोजचा संबंध होता.

दोन्ही बाजूंना तिरके चर दिले, आले आणि कांद्याच्या पातीचे दांडे पोटात घातले, थाळीत दोन काड्या ठेवून त्यांवर मासा ठेवला, म्हणजे खालूनही वाफ फिरते. मासा चाळणीपेक्षा लांब निघाला. तेव्हा त्याला कडेने वळवून, पोटावर पोहतो तसा बसवला. इथे एकच गोष्ट जपायची, पाणी खळखळून उकळू लागल्यावरच मासा आत जायला हवा. ली यूचा जोराचा जाळ तो हाच. गोवऱ्यांच्या आणि पाचटाच्या आमच्या जुन्या चुलींवर असा सलग, एकसारखा जाळ धरणे कठीण. मंद विस्तवावर रस्सा आटवणे सोपे. देशावरच्या माशाने रश्श्याची वाट धरली त्यात चवीइतकाच इंधनाचाही हात असावा असे मला वाटते. भाकरीचा मुलूख हेही एक कारण; जिथे धान्यच वाफेवर शिजते तिथे त्याच वाफेवर मासा ठेवणे ओघाने येते, तव्यावर भाकरी थापणाऱ्या घरात वाफ सणावारीच लागते.

दहा मिनिटे झाली. सर्वांत जाड भागात काडी घातली, ती अडखळली नाही. थाळीत साठलेले पाणी टाकून दिले, कारण हिंवस त्यात उतरलेली असते. पात आणि आल्याचे केसासारखे बारीक काप वर पसरले, कडकडीत तापवलेले तेल त्यांवर ओतले, आणि भोवतीने थोडा सोया गरम करून सोडला.

आईने लांबूनच पाहिले. मासा चिरला नाही, तळला नाही, तवा लागला नाही. "हे तर पंचमीचंच झालं," ती म्हणाली, आणि लगेच त्या बोलण्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घेतल्यासारखे करून आत गेली.

चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात अख्खा मासा ठेवतात, कारण माशाचा आणि शिलकीचा उच्चार एकच; डोके-शेपटीसकट तो पुरा असावा आणि थोडा उरावा. आमच्या ताटाभोवती मात्र पेच पडला. डोके कुणाला द्यायचे हे परसातल्या रश्श्यात ठरलेले असते, इथे डोके सगळ्यांकडे बघत होते. शिवाय सायप्रिनसचे ते बारीक, दुभंगलेले काटे. तुकड्यांच्या कालवणात ते काट्यांसकट गपचूप चावून होतात, इथे प्रत्येक घास बोटांनी तपासावा लागला. गोडसर, मऊ, लोण्यासारखा घास होता. पोटाकडचा भाग तर विलक्षण. पाठीकडे थोडा मातकटपणा उरला होता, तो नाकारण्यात अर्थ नाही.

चुलत्यांनी चार घास खाल्ले. चांगलं आहे म्हणाले, पण आजाऱ्याचं आहे. मग त्यांनी थाळीत उरलेल्या आल्या-सोयाच्या तेलकट रसाकडे पाहिले, ताटात बाजरीची अर्धी भाकरी कुस्करली, तो रस तिच्यावर ओतला, उरलेला मासा काटे काढून त्यातच मोडला, वर लसणाची चटणी घातली आणि सगळे पाचही बोटांनी एकजीव कालवून खायला बसले.